थकलेल्या तलबेचा दिवाण

असईच्या लढाईची गोष्ट मराठीत सांगितली जाते तेव्हा ती रणांगणावर क्वचितच संपते. ती मागे वळते, पुण्याच्या दरबारात शिरते आणि एका माणसापाशी येऊन थांबते. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेचा इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने पराभव केला. दोन्ही सरदारांचा तळ भोकरदनपासून जाफराबादच्या दिशेने केळणेच्या काठाने दूरवर पसरला होता. दोनच दिवस आधी बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले होते. दोघांनी दोन वाटांनी निघून 24 तारखेला एकत्र हल्ला करायचा, असे तिथे ठरले होते. प्रत्यक्षात वेलस्लीची शत्रूशी गाठ एक दिवस आधीच पडली, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सुमारे साडेचार हजार शिपायांनिशी त्याने स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या सैन्यावर चाल केली. एवढे बळ हाती असून आपण हरलो कसे, हा प्रश्न मराठी मनाला दोनशे वर्षे टोचत आला आहे. त्याचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे सर्जेराव घाटगे. दौलतरावाचा सासरा, त्याचा दिवाण, पुणे लुटणारा आणि घरभेद माजवणारा कारस्थानी. हा माणूस नसता तर शिंदेशाही टिकली असती, असे या उत्तराचे म्हणणे आहे. ते मला पुरेसे वाटत नाही. सर्जेरावाने दौलत पोखरली हे खरे, पण ती आधीच पोकळ झाली होती म्हणून त्याला आत शिरता आले. त्या पोकळीचे नाव होते थकलेली तलब, म्हणजे फौजेचा न दिलेला पगार.

सखाराम घाटगे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातला. सर्जेराव हा त्यांचा किताब. महादजी शिंदे 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले तेव्हा गादीवर आलेला दौलतराव पंधराच्या आसपासचा होता. त्याच्याभोवती महादजींचे जुने मुत्सद्दी होते, महादजींच्या विधवा होत्या आणि पुण्यात तळ देऊन बसलेली मोठी फौज होती. अशा दरबारात सर्जेरावाने आपली वाट मुलीच्या लग्नातून काढली. दौलतरावाला बायजाबाईंशी विवाह करायचा होता आणि सर्जेरावाला दिवाणगिरी हवी होती. 31 डिसेंबर 1797 रोजी नाना फडणवीस भेटीसाठी शिंद्यांच्या छावणीत गेले असताना त्यांना दग्याने पकडण्यात आले आणि पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. 1798 च्या आरंभी लग्न झाले, दिवाणगिरी मिळाली आणि पुण्याच्या पेठांवर वसुलीची धाड पडली. सावकार, कारकून, नानांच्या पक्षातले मानकरी, ज्यांच्याकडे पैसा असल्याचा नुसता संशय होता त्यांनाही धरून आणले गेले. माणसांना तापलेल्या तोफांना बांधल्याच्या हकिगती त्या काळच्या नोंदींतून आलेल्या आहेत. हे क्रौर्य कोणत्याही युक्तिवादाने सौम्य होत नाही, आणि तसा माझा प्रयत्नही नाही.

पण ही वसुली कशासाठी होती आणि कोणाच्या हुकमाने, हे पाहिल्याशिवाय या माणसाचे माप घेता येत नाही. नानांना दूर केल्यास दोन कोटी रुपये देऊ, असे पेशवा दुसऱ्या बाजीरावाने दौलतरावाला कबूल केले होते. नाना कैद झाले आणि दौलतरावाने पैसे मागितले, तेव्हा पेशव्याच्या खजिन्यात ते नव्हते. पुण्यातल्या श्रीमंतांकडून वसूल करून घ्या आणि त्या कामाला सर्जेरावाला नेमा, ही सूचना पेशव्याच्याच बाजूने आली. म्हणजे राजधानीच्या धन्याने स्वतःचे देणे फेडण्यासाठी स्वतःचीच रयत दुसऱ्याच्या दिवाणापुढे उभी केली. दौलतरावाला ते पैसे हवे होते, कारण त्याची फौज दारात बसून तलब मागत होती. या साखळीत सर्जेराव शेवटच्या कडीला उभा आहे. दोघा धन्यांना जे करायचे होते पण ज्याचा ठपका नको होता, ते काम त्याने अंगावर घेतले, आणि त्याच्या बदल्यात त्याला सत्ता मिळाली. त्याची महत्त्वाकांक्षा अफाट होती. पण तशी महत्त्वाकांक्षा अनेकांची होती, दारे मात्र त्याच्यासाठीच उघडली, कारण पैसा आणून देण्याची तयारी त्यानेच दाखवली.

आजच्या वाचकाला कारस्थानी दरबारी म्हटल्यावर जी पात्रे आठवतात त्यांत जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतला आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतला पीटर बेलिश असतो. लहानशा घराण्यातून आलेला, तलवारीच्या बळावर नव्हे तर कानगोष्टींच्या बळावर चढणारा. त्याची कुजबूज आणि त्याचे विश्वासघात प्रेक्षकांच्या लक्षात राहतात, पण लेखकाने त्याला नेमके कोणते पद दिले ते सहज निसटते. तो राज्याचा खजिनदार आहे आणि ते राज्य कर्जात बुडालेले आहे. उधळ्या राजाला लागेल तेव्हा पैसा उभा करून देणारा माणूस म्हणून तो नकोसा असूनही अपरिहार्य ठरतो. कल्पित जगाच्या लेखकाने ही जागा अचूक हेरली, असे मला वाटते. कारस्थानाला बुद्धी लागते, पण त्याला बळ येते ते धन्याच्या टंचाईतून.

शिंद्यांची टंचाई कशी निर्माण झाली याचाही हिशेब मांडता येतो. महादजींनी द बॉयन या सेनानीकडून कवायती कंपू उभे केले तेव्हा त्यांच्या खर्चासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख जायदाद म्हणून तोडून दिला. पलटणींना पगार नियमित मिळे, म्हणून त्या लढत. ही व्यवस्था महादजींच्या हयातीत उत्तम चालली. पण तिच्यात एक धोका दडलेला होता. वसूल जिथे, तिथेच त्याच्यावर हात ठेवणारा सेनापती, आणि धनी मात्र शेकडो कोस दूर. द बॉयन निवृत्त होऊन गेला आणि त्याच्या जागी पेराँ आला, तेव्हा दुआबाचा पैसा पेराँच्या मुठीत राहिला. दौलतराव 1800 च्या अखेरपर्यंत पुण्यात अडकून पडला. फौज दक्षिणेत आणि उत्पन्न उत्तरेत, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली, तर मधल्या काळात जो कोणी रोख रक्कम आणील तोच दिवाण होणार हे उघड होते.

इथे कोणी म्हणेल की दरबार म्हटला की डावपेच आलेच, मग सर्जेरावाच्या काळालाच वेगळे का काढायचे? याचे उत्तर जालन्याच्याच परिसरात, असईच्या चाळीस वर्षे आधी घडलेल्या एका लढाईत मिळते. गोदावरी ही आज जालना आणि बीड या जिल्ह्यांची हद्द आहे, आणि तिच्या बीडकडच्या काठावर राक्षसभुवन आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी तिथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. निजाम स्वतः नदी उतरून उत्तरेकडे आला होता, आणि दक्षिण काठावर मागे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला. हा विठ्ठल सुंदर म्हणजे त्या काळच्या प्रसिद्ध साडेतीन शहाण्यांपैकी एक. दुसरा पुण्याचा सखारामबापू बोकील, तिसरा नागपूरकरांचा देवाजीपंत चोरघडे, आणि अर्धे नाना फडणवीस. तिघे पूर्ण शहाणे एकाच मोहिमेत तीन दरबारांतून एकमेकांविरुद्ध खेळत होते. नागपूरचे जानोजी भोसले आधी निजामाच्या बाजूला होते. त्यांना ऐनवेळी फोडून पेशव्यांकडे आणले गेले ते बत्तीस लाखांच्या मुलखाच्या वचनावर. हे कारस्थान नव्हते तर काय होते? शिवाय सखारामबापूंचा कल रघुनाथरावांकडे असल्याचे सर्वांना ठाऊक होते आणि चुलत्या-पुतण्यांतला तंटा नुकताच मिटला होता. फितुरीला, स्वार्थाला आणि महत्त्वाकांक्षेला 1763 मध्ये काही कमी नव्हते.

तरीही ती सगळी बुद्धी एका विजयाच्या कामी आली, आणि याचे श्रेय मुत्सद्द्यांच्या नीतिमत्तेला देता येत नाही. अठरा वर्षांचे माधवराव स्वतः रणात होते. लढाईत रघुनाथराव अडचणीत आले तेव्हा पुतण्याच कुमक घेऊन धावला. सखारामबापूंना दोन दगडांवर पाय ठेवण्याची सवय होती, पण धनी जागा आहे आणि तो हिशेब विचारतो, हे त्यांना माहीत होते. देवाजीपंताने नागपूरकरांसाठी भाव करून घेतला, तो मुलखाच्या रूपाने, उघड्या बोलीवर. डावपेचाची किंमत ठरलेली होती आणि ती देणारा कोण हेही ठरलेले होते. पुढच्या पिढीत हीच कला सर्जेरावाच्या हाती आली तेव्हा भाव करायला मोकळा मुलूख उरला नव्हता आणि हिशेब विचारायला धनी तयार नव्हता. मग ती कला घरच्याच माणसांवर उलटली.

तिची फळे 1798 ते 1802 या चार वर्षांत दिसतात. महादजींच्या विधवांनी आपल्या हक्कांसाठी बंड पुकारले आणि जुने शेणवी मुत्सद्दी त्यांच्या बाजूला गेले. शिंद्यांची तलवार शिंद्यांवरच चालू लागली. मध्यंतरी खुद्द सर्जेराव दौलतरावाच्या हुकमाने कैदेत पडला, ही गोष्ट त्याला सर्वशक्तिमान ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. जावयाला तो नकोसा झाला तेव्हा त्याला बेड्या घालायला एक दिवस पुरला. तो सुटला तेही दौलतरावाला पुन्हा गरज पडली म्हणून. त्यानंतर महादजींच्या वेळचा अनुभवी कारभारी बाळोबातात्या पागनीस कैदेत गेला आणि अहमदनगरच्या किल्ल्यातच वारला. नाना फडणवीस मार्च 1800 मध्ये गेले. 1801 च्या एप्रिलमध्ये बाजीरावाने यशवंतराव होळकरांचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. यशवंतरावांनी शिंद्यांचे उज्जैन लुटले, तर त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरमध्ये सर्जेरावाने होळकरांचे इंदूर लुटले आणि उद्ध्वस्त केले. पुढच्या वर्षी 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव पळाला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. विठोजीच्या हत्येचा हुकूम पेशव्याचा आणि इंदूरच्या लुटीचा दोष सर्जेरावाचा. हे दोन्ही वेगवेगळे लिहिले पाहिजेत. सगळे पाप एकाच्या पदरात घातले तर बाजीराव आणि दौलतराव फार स्वस्तात सुटतात.

आता असईच्या मैदानाकडे येऊ. पराभव फितुरीने झाला, असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक भक्कम पुरावा आहे. शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना फोडण्यासाठी कंपनीने जाहीरनामा काढला, आणि लढाईआधीच अनेक जण सोडून गेले. उत्तरेत पेराँही सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पण या अधिकाऱ्यांना सर्जेरावाने फोडले नव्हते. भाडोत्री नेतृत्वावर उभ्या केलेल्या सैन्याची ही अंगभूत कमजोरी होती. उलट रणावर उरलेल्या पलटणींनी काय केले ते पाहावे. पिंपळगाव आणि वरूड ही गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा तर्क वेलस्लीने केला आणि तो केळणा उतरून बाजूने आला. तेव्हा पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हुकमाखाली कवायती पलटणींनी आपली सारी फळी वळवून त्याच्यासमोर नव्याने उभी केली. असे वळण घेणे अर्धकच्च्या सैन्याला जमत नाही. गोलंदाज तोफांशेजारीच पडले. तोफा ताब्यात आल्या असे समजून इंग्रज पुढे गेले, तेव्हा पडलेल्यांतले काही उठून पुन्हा मारा करू लागले. कंपनीच्या बाजूला ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून 1,584 माणसे गेली. पुढे नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीने आपल्या आयुष्यातली सर्वांत सरस लढत म्हणून असईचेच नाव घेतल्याची आठवण नमूद आहे.

या शिपायांना धनी मात्र मिळाला नाही. दौलतराव आणि रघूजी यांच्याजवळ हजारोंचे घोडदळ होते आणि त्यातले बहुतेक निर्णायक घटकेला लढाईत उतरलेच नाही. दोन्ही सरदार रणातून निघून गेले. वेलस्लीच्या बाजूला खुद्द पेशव्यांचे स्वार होते, हेही विसरू नये. मराठी राज्याचा पेशवा आणि त्या राज्याचा सर्वांत बलाढ्य सरदार त्या दिवशी एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते. राक्षसभुवनाला पेशवा स्वतः रणात होता आणि असईला पेशव्याचे स्वार शत्रूकडून उभे होते, हा चाळीस वर्षांतला फरक एकट्या दिवाणाच्या कपटाने पडत नाही. 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या ओतायला लागलेला पैसा महादजींच्या शिस्तीतून आला होता, आणि त्या गमावल्या गेल्या त्या नेतृत्वाच्या गैरहजेरीत.

माझ्या मताला सर्वांत बळकट आक्षेप वेगळाच आहे. माणसाने फरक पडत नाही म्हणता, तर विठ्ठलपंताचे काय? शिंद्यांचा हा वृद्ध मुत्सद्दी तहाच्या बोलण्यांत इंग्रजांसमोर बसला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. इंग्रजांच्या बाजूच्या जॉन माल्कमला तो चेहरा पत्त्यांच्या ‘ब्रॅग’ या खेळासाठीच घडवल्यासारखा वाटला, आणि इंग्रजांच्या छावणीत विठ्ठलपंताचे नाव ‘ओल्ड ब्रॅग’ पडले. पुढे युरोपातला धूर्त मंत्री तालेराँ कसा माणूस आहे असे विचारल्यावर वेलस्लीने त्याची तुलना विठ्ठलपंताशी केली, आणि विठ्ठलपंत अधिक हुशार असल्याचे सांगितले. म्हणजे शिंद्यांच्या दरबारात जगातल्या कोणत्याही दरबारात शोभेल असा मुत्सद्दी होता. आक्षेप असा की त्याच्याऐवजी सर्जेरावाच्या हाती कारभार गेला, हेच तर दुर्दैव. मी हे अंशतः मान्य करतो. विठ्ठलपंताच्या बुद्धीने तहात जे वाचवता आले ते वाचवले असेल. पण त्याला बोलणी करायला बसवले गेले ते असईची आणि त्यानंतरची आडगावची लढाई हरल्यावर, हाती द्यायला फक्त मुलूख उरला तेव्हा. 30 डिसेंबर 1803 च्या सुर्जी अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख गेला, आणि त्यात जालनापूरचा किल्ला व परगणा नावानिशी लिहिलेला आहे. जालना तर स्टीव्हन्सनने 2 सप्टेंबरलाच घेतले होते. ‘सोन्याचा पालना’ म्हणून मिरवणारी ही बाजारपेठ मग निजामाकडे गेली, आणि सप्टेंबर 1948 पर्यंत तिथेच राहिली. सर्वांत शहाण्या मुत्सद्द्यालाही पगार न मिळालेल्या सैन्याच्या जोरावर याहून वेगळा तह करता आला नसता.

दुसरा आक्षेप साधनांचा. सर्जेरावाचे चित्र ज्यांनी रंगवले त्यांत त्याने लुटलेल्या पुणेकरांचे वर्तुळ आहे आणि त्याला शत्रू मानणारे इंग्रज आहेत. मग हे चित्र विश्वासार्ह कसे? लुटीची हकिगत दोन्हीकडून जुळते, त्यामुळे ती नाकारता येत नाही. पण इंग्रजांचा रोष केवळ नीतीचा नव्हता, याचा पुरावा त्यांच्याच कागदांत आहे. 22 नोव्हेंबर 1805 च्या तहात शिंद्यांनी सर्जेरावाला पुन्हा कधीही आपल्या मसलतीत घेऊ नये असे कलम घातले गेले, आणि होळकरांशी झालेल्या तहातही त्याला चाकरीला न ठेवण्याची अट होती. एका दरबाऱ्याचे नाव दोन तहांत यावे, ही गोष्ट दुर्मीळ आहे. तो त्या वर्षी शिंद्यांना इंग्रजांविरुद्ध उठवू पाहत होता आणि इंग्रज वकिलाच्या तळावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली होती. शिंद्यांशी झालेल्या त्याच तहाने दौलतरावाला स्वतःपुरती वार्षिक नेमणूक दिली, आणि बायजाबाईंना दोन लाखांची व त्यांच्या मुलीला एक लाखाची जहागीरही दिली. बाप हद्दपार, मुलीला जहागीर. पैशाची गरज कुठे आहे आणि तिथे हात कसा ठेवायचा, हे कंपनीने सर्जेरावाइतकेच नेमके ओळखले होते, आणि तिच्याजवळ देण्यासारखे खरेच काही होते.

बंदीच्या कलमाने सर्जेराव फार काळ दूर राहिला नाही. तो दौलतरावाच्या छावणीत परतला, आणि 1809 मध्ये जावयाशी वाद विकोपाला गेला असताना भाल्याने भोसकून मारला गेला. कारस्थानी माणूसच जर रोगाचे मूळ असता, तर इथून पुढे दरबार सुधारायला हवा होता. त्याच वर्षी थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी दौलतरावाच्या छावणीबरोबर फिरत होता आणि घरी पत्रे लिहीत होता. त्या पत्रांत थकलेल्या तलबेसाठी आपल्याच सरदारांच्या आणि महाराजांच्या डेऱ्यापुढे धरणे धरून बसलेले शिपाई पुन्हा पुन्हा येतात. रक्कम मिळेपर्यंत धनी जेवणार नाही आणि धरणेकरीही जेवणार नाहीत, अशी ती रीत होती. दौलतराव त्यानंतर अठरा वर्षे जगला, आणि फौजेची देणी त्याच्या दारातून हलली नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर 1827 ते 1833 या काळात ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी पाहिला. सर्जेरावाची ही मुलगी उज्जैन आणि काशीच्या पेढ्यांचे व्यवहार जाणणारी, हिशेबाला पक्की म्हणून ख्यात होती. बापाने लोकांच्या तिजोऱ्या फोडून जे मिळवायचा प्रयत्न केला, ते व्याज आणि पत यांच्या वाटेने उभे करता येते हे तिला कळले होते. 1833 मध्ये तिलाही ग्वाल्हेर सोडावे लागले, आणि तिच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत ग्वाल्हेरचीच फौज होती.